कॅसिओ आणि नॉस्टॅल्जिया

जुन्या कॅसिओ कीबोर्डचा तो टिंगटिंग आवाज लहानपणी ऐकला म्हणूनच आवडतो, बाकी त्यात काही नाही, असं काहीजण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. 1981 च्या कॅसिओ एमटी-40 या छोट्या कीबोर्डमध्ये 'रॉक' नावाचा एक तयार ऱ्हिदम होता, कंपनीत नवीनच लागलेल्या हिरोको ओकुदा या मुलीने केलेला, तोच जरा हळू करून 1985 ला जमैकात 'अंडर मी स्लेंग टेंग' हे रेगे गाणं झालं. म्हणजे कीबोर्ड जेमतेम चार वर्षांचा, कसला आलाय नॉस्टॅल्जिया!

आमच्या बडोद्यात तर कुठल्याही कंपनीचा कीबोर्ड असो, म्हणायचं कॅसिओच. आमच्या सोसायटीच्या गरब्यात दादाचा जुना छोटा कीबोर्ड वाजतो, पट्ट्या पिवळ्या पडल्यात, ॲडॅप्टरची पिन रबरबँडने बांधलेली. एका वर्षी हौसेने मोठा आणला भाड्याने, बासरी अगदी खरी वाटावी असा, तर दुसऱ्याच दिवशी काकू म्हणाल्या अरे जुना लाव, यात चाल ऐकूच येत नाहीये. आणि खरंच, ढोल सुरू झाला की ती गोड बासरी गायब, तो पातळ चिरका आवाज मात्र पार गेटपर्यंत जातो.