डी७५० एक्स्चेंजला देऊ की स्वतः विकू? (सोबत तीन लेन्स आणि एक बुरशी)

उजेडवाली

नमस्कार मंडळी. प्रश्न जुनाच आहे, पण मला माझ्या सामानापुरतं उत्तर हवंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दहा वर्षं निकॉन डी७५० वर लग्नं आणि नाटकं केली. कॅमेरा अजून ठणठणीत आहे, कंबर नाही. बॉडी बॅटरीसकट ८४० ग्रॅम, तिच्यावर २४-७० एफ/२.८जी लेन्स म्हणजे आणखी ९०० ग्रॅम, आणि दुसऱ्या खांद्याला ८०-२०० एफ/२.८डी, ती १,३०० ग्रॅम. तालमीचे तीन तास तीन किलो घेऊन उभं राहायचं. फिजिओथेरपिस्टने "काय काय उचलता?" म्हणून विचारलं. मी सांगितल्यावर तिने ते कागदावर लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. तर आता निकॉनचाच मिररलेस झेड६ टू घेतेय, २४-७० एफ/४ लेन्सच्या किटसकट. ती लेन्स जेमतेम ५०० ग्रॅमची.

त्यामुळे जुनं काढायचंय. बॉडी, २४-७०, ८५ एफ/१.८जी आणि ८०-२००. ज्या दुकानातून नवा घेणार तिथे फोन केला. रकमा लिहीत नाही, महिन्याभरात शिळ्या होतात. दुकानदाराने सगळ्याचे मिळून सांगितले त्याला १०० धरा. त्यात बॉडीचे ३४, २४-७० चे ४६, ८५ चे २०. आणि ८०-२०० चे शून्य! "आणा, ठेवून घेतो, पण तिचे वेगळे लावता येणार नाहीत." वर १२ एक्स्चेंज बोनस, 'चालू स्थितीतला डिजिटल कॅमेरा' दिला तर.

मग जाहिराती चाळल्या. याच वस्तू लोकांनी लावल्यात त्या ५०, ६८, २६ आणि २४ ला. बेरीज १६८. म्हणजे दुकानात दिलं तर मी खुळी, असं दिसतंय.

पण थेट विकायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. मागे एक फ्लॅश विकला होता. सदतीस जणांनी "शेवटचे किती?" विचारलं, त्यातल्या निम्म्यांनी तो कुठल्या कॅमेऱ्याला लागतो हेही वाचलं नव्हतं.

आणि कालच एक गोष्ट समजली. जाहिरातीसाठी फोटो काढताना २४-७० च्या मागून टॉर्च मारला. 'जी' प्रकारच्या लेन्सला अ‍ॅपर्चर रिंग (उजेडाचं भोक लहानमोठं करणारी कडी) नसते, सुटी असताना पाती मिटलेली राहतात, म्हणून मागची छोटी दांडी बोटाने सरकवून धरली. पुढच्या काचांच्या गटात, अगदी कडेला, कोळ्याच्या जाळ्यातला एक धागा तुटून चिकटावा तशी रेघ. फुंकून, पुसून जात नाही. आतच आहे. बुरशी. फोटोत काहीच दिसत नाही, मी शंभर फ्रेम तपासल्या. दुकानदाराला फोनवर अर्थातच सांगितलेलं नाही, मलाच माहीत नव्हतं.

शटर काउंट, म्हणजे आजवर किती वेळा शटर पडलं तो आकडा, १,१२,००० च्या पुढे आहे. काय करू?

काटकसर

ताई, एक्स्चेंजला देऊन टाका आणि झोपा. १६८ हा लोकांनी मागितलेला आकडा आहे, मिळालेला नाही. ज्या जाहिराती तुम्हाला दिसतायत त्या न विकल्या गेलेल्या वस्तूंच्या आहेत, विकल्या गेल्या त्या निघून गेल्या. दहा टक्के सरसकट कापा, १५१ उरतात. बुरशीचे आणखी कापा. बोनस हातचा जातो तोही वजा करा. उरलेल्या तिसासाठी तुम्ही चार अनोळखी माणसांना भेटणार, चौघांना लेन्स कशी बसवायची ते शिकवणार आणि पुढचे सहा महिने त्यांचे फोन घेणार.

मी स्टुडिओ लाइटचा सेट असाच विकला. माणूस तीनदा बघायला आला, चौथ्यांदा मेहुण्याला घेऊन आला. मग पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट दाखवला. खात्यात बघितलं तर काही नाही. "सर्व्हर स्लो आहे" म्हणाला. मी म्हटलं, मग आपण बसू ना सर्व्हर येईपर्यंत. दहा मिनिटांत दोघं निघून गेले, मेहुणा आधी.

दुकानातला

मी काही वर्षं सेकंडहँड कॅमेऱ्यांच्या काउंटरवर बसलोय, म्हणून पलीकडची बाजू सांगतो.

तुमच्या ८०-२०० ला शून्य का, ते आधी. ती लेन्स वाईट म्हणून नाही. तिच्यात फोकसची मोटर नाही. बॉडीतली मोटर माउंटमधल्या (लेन्स बसते त्या कड्यातल्या) स्क्रूने तिला फिरवते. डी७५० मध्ये ती मोटर आहे. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत नाही. आणि तुम्ही घेताय त्या झेडला जुन्या लेन्स बसवायचा एफटीझेड अ‍ॅडाप्टर लावलात तरी अ‍ॅडाप्टरमध्येही मोटर नाही, म्हणजे फोकस हाताने. निकॉनचा एफ माउंट १९५९ चा, झेड माउंट २०१८ चा. तेव्हापासून नवीन बॉडी घेणारा माणूस ही लेन्स घेत नाही, आणि जुनी बॉडी असलेला माणूस दुकानात क्वचितच फिरकतो. मग ती काचेच्या कपाटात वर्षभर बसते. दुकानदार वस्तूला भाव देत नाही, ती कपाटात किती दिवस बसेल त्याला देतो.

यातूनच उत्तर निघतं. बॉडी आणि ८०-२०० वेगळ्या करू नका. एकट्या डी७५० चं गिऱ्हाईक दहा ठिकाणी भाव विचारत फिरतं. पण ज्याला कमी पैशांत नाटकं, मैदानी खेळ, पक्षी असलं काहीतरी सुरू करायचंय, त्याला 'लावली की चालली' अशी जोडी हवी असते. त्या माणसासाठी तुमच्या शून्याच्या लेन्सला किंमत आहे. आणि बुरशीवाली २४-७० या व्यवहारात आणूच नका, नाहीतर सगळ्याच वस्तूंवर संशय घेतला जाईल.

तिचं मात्र दुकानातच करा. फोनवरचा आकडा 'तपासणीनंतर' असतो हे गृहीत धरा. काउंटरवरचा माणूस पहिलं काम टॉर्च मारायचं करतो. तुम्ही आधी सांगितलंत तर तो साफसफाईचा खर्च कापेल. त्याला सापडली तर साफसफाईही कापेल आणि तुमच्या बाकीच्या बोलण्यावरचा विश्वासही. कडेची बारीक रेघ असेल तर बऱ्याचदा निघते, पण काचेवरच्या कोटिंगला खाल्लं असेल तर डाग राहतो. उघडल्याशिवाय कळत नाही, म्हणून तो कापताना वाईटच धरून चालेल. त्यावर भांडू नका.

आणखी एक, हे आम्ही स्वतः करायचो म्हणून सांगतो. नव्या कॅमेऱ्याचा भाव आधी पक्का करा, जुन्याचं नावही काढू नका. एक्स्चेंजचं आधी कळलं की जुन्याला चांगला आकडा देतात आणि नव्यावरची सूट गिळतात. गिऱ्हाईक खूश, दुकान जास्त खूश.

पंचाहत्तर_एमएम

दुकानातला यांच्याशी सहमत. भर एवढीच की ८५ विकू नका! ती एएफ-एस आहे, मोटर तिच्या पोटात आहे, एफटीझेडवर बिनबोभाट चालते. ३५० ग्रॅमची लेन्स, कंबर तक्रार करणार नाही. कमी उजेड घेणाऱ्या एफ/४ च्या किट लेन्सवर अंधाऱ्या रंगमंचावर जी अडचण येईल ती हीच सोडवेल. वीस मिळवून नंतर पन्नास घालाल.

शटर काउंटचं: डी७५० चं शटर १,५०,००० पर्यंत तपासलेलं आहे. ती एक्स्पायरी डेट नव्हे, पण गिऱ्हाईक तशीच वाचतं. आकडा जाहिरातीतच टाका. निकॉनमध्ये तो प्रत्येक फोटोच्या एक्झिफमध्ये (फाइलमधल्या लपलेल्या माहितीत) असतो. कॅमेऱ्यातून थेट निघालेली, एडिट न केलेली एक फाइल द्या, ज्याला बघायचं तो बघेल. आणि २०१५ मध्ये निकॉनने काही डी७५० च्या शटरसाठी सेवा-सूचना काढली होती, पुढे तिची व्याप्ती वाढवली. जाणकार गिऱ्हाईक सिरियल नंबर विचारेल. तुमचा त्यात होता का, काम करून घेतलंय का, कागद आहे का, ते आधीच काढून ठेवा.

एफ/१६ ला पांढऱ्या भिंतीचा एक फोटोही काढा. सेन्सरवरचे ठिपके तुम्हाला आधी दिसू देत, त्याला नंतर.

उजेडवाली

अरे वा, एका रात्रीत किती लिहिलंत. शून्याचं कारण कळल्यावर दुकानदारावरचा राग गेला.

पण बॉडी थेट विकली तर बोनसचे १२ गेले ना? तेवढं सांगा कोणीतरी.

दुकानातला

बोनसची अट नीट वाचा. तुम्हीच लिहिलंय: 'चालू स्थितीतला डिजिटल कॅमेरा'. डीएसएलआर (तुमच्या डी७५० सारखा) म्हटलंय का? घरात एखादा जुना खिशातला कॅमेरा पडला असेल तर चार्ज करून बघा.

काटकसर

हे मात्र मला सुचलं नव्हतं. मी गप्प बसतो.

उजेडवाली

(पाच आठवड्यांनी)

झालं सगळं, म्हणून हिशोब द्यायला आले.

खिशातला कॅमेरा सापडला. भाचीचा, आठ मेगापिक्सेलचा, गुलाबी. चार्जर सापडायला कॅमेऱ्यापेक्षा जास्त वेळ लागला. दुकानात आधी झेड६ टू चा भाव ठरवला, मग तो गुलाबी कॅमेरा काउंटरवर ठेवला. मुलाने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा अटींच्या कागदाकडे, आणि आत जाऊन विचारून आला. बारा मिळाले.

२४-७० काढली आणि टॉर्च मारायच्या आधीच सांगितलं, पुढच्या गटात कडेला आहे. त्याने दांडी सरकवून बघितलं, "हं" म्हणाला आणि ४६ चे ३९ केले. सात गेले. खरं सांगू, मी दहाची तयारी ठेवली होती.

८५ ठेवली.

बॉडी आणि ८०-२०० ची जाहिरात जोडी म्हणून लावली, ७४ ला. शटर काउंट, भिंतीचा फोटो, सेवा-सूचनेचा कागद, हॉट-शूचा, म्हणजे फ्लॅश बसतो त्या खाचेचा, रंग उडालाय तिथला जवळून काढलेला फोटो, सगळं टाकलं. पहिल्या ओळीतच लिहिलं, 'वेगळी देणार नाही'. गंमत म्हणजे "शेवटचे किती?" फक्त चार आले. इतकं वाचावं लागतंय म्हटल्यावर बाकीचे पळाले असावेत. तीन आठवडे शांतता. काटकसर, त्या तीन आठवड्यांत मला रोज तुमची आठवण यायची.

मग एक मुलगा आला. फुटबॉलचे सामने टिपायचेत म्हणाला. स्वतःचं मेमरी कार्ड घेऊन आला होता, तिथेच मला तो आवडला. ८०-२०० लावून बटण अर्धं दाबलं आणि आतली मोटर घर्रर्र करून फिरली तसा तो दचकला. "बिघडलीय?" म्हटलं, नाही रे, हिचा आवाजच असा आहे, नाटकात पहिल्या रांगेतली माणसं मागे वळून बघायची. ६६ ला ठरलं. पैसे खात्यात दिसल्यावरच बॅग हातात दिली, त्यालाही त्यात काही वाटलं नाही.

माझी कार्डं दिली नाहीत, रिकामीसुद्धा नाही. फोटो पुसले तरी परत काढता येतात आणि ती लोकांची लग्नं आहेत. तो यायच्या आधी मेन्यू रिसेट करताना कॉपीराइटच्या रकान्यात माझं नाव दिसलं. दहा वर्षांपूर्वी भरलेलं, एक अक्षर चुकलेलं. दहा वर्षं प्रत्येक फोटोत माझं नाव चुकीचं जात होतं आणि एकाही गिऱ्हाइकाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

तर १२ + ३९ + ६६ म्हणजे ११७, आणि ८५ घरात. सगळं दुकानात दिलं असतं तर बुरशीचे सात जाऊन ९३, अधिक बोनस १२, म्हणजे १०५, आणि ८५ गेली असती.

काटकसर

बारा जास्त आणि एक लेन्स. पाच आठवडे. बरं, मानलं. फोन येतायत का त्याचे?

उजेडवाली

एकच आला, दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता. "ताई, स्क्रीनवर एफईई असं काहीतरी येतंय, शटर पडतच नाही, कॅमेरा गेला." म्हटलं, लेन्सवरची अ‍ॅपर्चर रिंग फिरलीय, ती २२ वर ने आणि शेजारचं लॉक सरकव. बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मग घर्रर्र, आणि मग खट्. दहा मिनिटांनी फोटो आला: समोरच्या गच्चीच्या कठड्यावर कावळा, डोळ्यावर नेमका फोकस.