'केप फिअर' (१९९१) ब्लू-रेवर पाहताना : दाणेदार चित्र, मध्येच उलटे रंग आणि पाच मिनिटांचा फरक

सांजदिवा

नमस्कार. मार्टिन स्कॉर्सेसी यांचा १९९१ सालचा 'केप फिअर' मी पहिल्यांदा पाहिला तो व्हिडिओ कॅसेटवर, जुन्या चौकोनी पडद्याच्या दूरचित्रवाणी संचावर. तुरुंगातून सुटून आलेला मॅक्स केडी आपल्या जुन्या वकिलाच्या कुटुंबाभोवती हळूहळू फास आवळत जातो, ही गोष्ट तेव्हा मनात जी रुतली ती आजतागायत निघालेली नाही. अलीकडे हाच चित्रपट ब्लू-रे डिस्कवर पुन्हा पाहिला आणि काही शंका उभ्या राहिल्या. जाणकारांनी त्यांचे निरसन करावे, ही विनंती.

पहिली शंका चित्राच्या स्वच्छतेविषयी आहे. ब्लू-रे म्हणजे आरशासारखे चित्र अशी माझी समजूत होती, पण इथे रात्रीच्या प्रसंगांत, आणि आकाश दिसते तिथे तर विशेष करून, सगळीकडे बारीक दाणे सळसळताना दिसतात. दुसरी गोष्ट अशी की, चित्रपटाच्या आरंभी आणि नंतर पतिपत्नीच्या एकांताच्या प्रसंगात चित्र अचानक छायाचित्राच्या निगेटिव्हसारखे उलटे होते. डिस्क सदोष आहे की काय, असे वाटून मी ती दोनदा पुसून पाहिली. तिसरे म्हणजे, माझ्याजवळ युरोपीय बाजारासाठी काढलेली याच चित्रपटाची एक जुनी डीव्हीडी आहे, ती सुमारे १२३ मिनिटांत संपते, तर ब्लू-रे १२८ मिनिटे चालते. मग ती पाच मिनिटे कापली कुठून?

शेवटचा प्रश्न जरा वेगळा आहे. हा १९६२ च्या कृष्णधवल चित्रपटाचा रिमेक आहे, हे मला माहीत आहे, पण मूळ चित्रपट मी पाहिलेला नाही. तो आधी पाहून मग हा पुन्हा पाहावा का?

कृष्णधवल

आपली डिस्क निर्दोष आहे.

उलट्या रंगांचे आधी सांगतो, कारण ते स्पष्ट आहे. निगेटिव्ह प्रतिमा स्कॉर्सेसींनी जाणूनबुजून वापरल्या आहेत. सॉल आणि इलेन बास या दांपत्याने केलेल्या शीर्षकांत पाण्याचे हलते पृष्ठभाग आणि त्यांत विरघळणारे आकार दिसतात, आणि त्यातूनच आपण वकिलाच्या मुलीच्या, डॅनियलच्या, डोळ्यांपाशी येतो. घरातले जिव्हाळ्याचे क्षणही उलट्या रंगांत दाखवून दिग्दर्शक सुचवतो, की या घराला केडी येण्यापूर्वीच आतून तडा गेलेला आहे.

आता दाण्यांविषयी. हा चित्रपट ३५ मिलिमीटर फिल्मवर टिपलेला आहे आणि फिल्मवरची प्रतिमा मुळात कणांचीच बनलेली असते. हे कण दर फ्रेमला वेगळ्या जागी पडतात, म्हणून ते सळसळल्यासारखे भासतात. अंधाऱ्या प्रसंगांत आणि एकरंगी आकाशात ते अधिक जाणवणे स्वाभाविक आहे. जे वितरक हे कण संगणकावर पुसून टाकतात, ते त्यांच्याबरोबर त्वचेचा पोत, कापडाची वीण आणि पावसाची धारही पुसतात, आणि मग माणसे मेणाच्या पुतळ्यांसारखी दिसू लागतात. दोष ओळखायचा असेल तर गोष्टी वेगळ्या असतात : अंधारात चौकोनी ठोकळे दिसणे, किंवा आकाशाच्या छटा एकमेकींत सहज मिसळण्याऐवजी त्यांचे पट्टे पडणे. आपल्या वर्णनात यांपैकी काही नाही.

माझ्या मते खरा लाभ तिसऱ्याच ठिकाणी आहे आणि त्याचा उल्लेख आपण केलेला नाही, तो म्हणजे चौकटीची रुंदी. स्कॉर्सेसींनी अ‍ॅनामॉर्फिक पॅनाव्हिजन या अतिरुंद पद्धतीत चित्रित केलेला हा पहिलाच चित्रपट. त्याची चौकट उंचीच्या सुमारे २.३५ पट रुंद आहे. चौकोनी पडद्याचे प्रमाण १.३३. कॅसेटवर पडदा पूर्ण भरावा म्हणून या रुंद चौकटीच्या कडा छाटल्या जात, आणि हिशेब केला तर मूळ चित्राचा जवळजवळ ४३ टक्के भाग अशा छाटणीत जातो. छायालेखक फ्रेडी फ्रान्सिस यांनी १९६१ सालीच 'द इनोसन्ट्स' हा भयपट रुंद पडद्यावर, कृष्णधवल रंगांत, कडांचा अंधार राखून टिपला होता. अशा माणसाने रचलेल्या चौकटीच्या कडा छाटणे म्हणजे भीतीचीच छाटणी.

शाळेच्या नाट्यगृहातला प्रसंग आठवून पाहा. केडी नाट्यशिक्षक असल्याची बतावणी करून डॅनियलला तिथे बोलावतो, ती रंगमंचावरच्या परीकथेतल्यासारख्या घरापाशी येते, आणि तो जवळजवळ कुजबुजत्या आवाजात तिचा विश्वास मिळवत जातो. तिथे कोणी ओरडत नाही, कोणी शस्त्र उगारत नाही. सगळा थरार त्या दोघांमधल्या अंतरात आहे. ते अंतर किती उरले आहे हे प्रेक्षकाला सतत दिसत राहणे, हाच त्या प्रसंगाचा प्राण आहे. एका वेळी एकच चेहरा दाखवणाऱ्या छाटलेल्या चित्रात तो संवाद उरतो, अंतर उरत नाही. म्हणून वरखाली काळे पट्टे आले तरी ते तसेच राहू द्यावेत. दूरचित्रवाणी संचातील 'झूम' वापरून ते घालवू नयेत.

मंद्रसप्तक

पाच मिनिटांच्या शंकेचे उत्तर मी देतो. आपल्या डीव्हीडीतून काहीही कापलेले नाही. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेम या गतीने चित्रित होतो, पण युरोपातील पाल ही जुनी दूरचित्रवाणी पद्धत सेकंदाला २५ फ्रेमची. त्यामुळे तिथल्या डीव्हीडींवर चित्रपट सरळ थोडा वेगाने, सुमारे ४ टक्के जलद, चालवला जाई. १२८ मिनिटांना १.०४ ने भागले की आपले १२३ मिनिटांचे उत्तर येते. ब्लू-रेवर मूळ २४ फ्रेमची गती कायम ठेवता येते, म्हणून वेळही पूर्ण भरते.

वेळेपेक्षा मला याचा दुसरा परिणाम जास्त खटकतो. वेगाबरोबर ध्वनीची पट्टीही चढते. ती मुद्दाम दुरुस्त केलेली नसेल तर सगळे संगीत पाऊण अर्धस्वराच्या आसपास वर सरकते. या चित्रपटात ते सोसवणारे नाही, कारण इथले संगीत हे एक स्वतंत्र पात्र आहे. १९६२ च्या चित्रपटाला बर्नार्ड हरमन यांनी संगीत दिले होते. हरमन १९७५ च्या डिसेंबरात, स्कॉर्सेसींच्या 'टॅक्सी ड्रायव्हर'चे ध्वनिमुद्रण संपवून लगेचच, निवर्तले. रिमेकसाठी नवे संगीत करवून घेण्याऐवजी स्कॉर्सेसींनी हरमन यांचेच जुने संगीत घेतले आणि एल्मर बर्नस्टीन यांच्याकडून त्याची नव्याने बांधणी करून घेतली. हरमन यांनी १९६६ च्या 'टॉर्न कर्टन'साठी रचलेले, पण त्या चित्रपटात न वापरलेले काही संगीतही बर्नस्टीन यांनी त्यात सामावून घेतले. एका संगीतकाराने दुसऱ्या, दिवंगत संगीतकाराचे काम इतक्या आदराने हाताळल्याचे उदाहरण मला सहज आठवत नाही.

पितळी वाद्यांवर खाली उतरत जाणारे ते चार स्वर आपल्याला आठवत असतीलच. त्यांचे वजन मंद्र सप्तकात आहे. आवाज संचातल्याच छोट्या स्पीकरमधून ऐकत असाल, तर किमान बरे हेडफोन लावून शीर्षके पुन्हा एकदा ऐका. आणखी एक सुचवतो : संचामध्ये रात्रीसाठी मोठा आवाज दाबून लहान आवाज वाढवणारी जी सोय असते, ती या चित्रपटापुरती बंद ठेवा. नाट्यगृहातली कुजबुज आणि नदीवरच्या वादळाचा कल्लोळ एकाच पातळीवर आले, तर दोन्हींचा परिणाम जातो.

तिसरी घंटा

मूळ चित्रपट आधी पाहावा का, या प्रश्नाला माझे उत्तर आहे : अवश्य पाहावा.

दोन्ही चित्रपटांचे मूळ जॉन डी. मॅक्डोनाल्ड यांच्या १९५७ सालच्या 'द एक्झिक्युशनर्स' या कादंबरीत आहे. जे. ली थॉम्प्सन दिग्दर्शित १९६२ च्या चित्रपटात ग्रेगरी पेक यांचा सॅम बोडन हा सरळ, सज्जन माणूस आहे. त्याने केडीविरुद्ध साक्ष दिली, एवढाच त्याचा 'गुन्हा'. रॉबर्ट मिचम यांचा केडी आळसटपणे चालतो, हसतो, सिगार ओढतो, आणि कायद्याच्या रेषेच्या अलीकडे उभा राहून घाबरवतो. सज्जनाला कायदा वाचवू शकत नाही तेव्हा त्याने काय करावे, हा त्या चित्रपटाचा प्रश्न आहे.

रिमेकमध्ये पटकथाकार वेस्ली स्ट्रिक यांनी एकच गोष्ट बदलली आणि सूडाचा सगळा तोल फिरला. निक नोल्टी यांचा बोडन हा केडीचाच बचाव करणारा वकील होता. केडीने केलेल्या अत्याचाराने हादरून त्याने, अशिलाची शिक्षा कदाचित हलकी करू शकला असता असा एक अहवाल दडवून ठेवला. केडी १४ वर्षे तुरुंगात राहतो. आत गेला तेव्हा त्याला वाचता येत नव्हते. तिथे तो वाचायला शिकतो, कायदा अभ्यासतो, आणि आपल्याच वकिलाने आपल्याला दगा दिला हे त्याला कळते. रॉबर्ट डी नीरो यांचा केडी राक्षस आहेच, पण त्याच्या तक्रारीत एक कण सत्याचा आहे, आणि तो कण प्रेक्षकाला शेवटपर्यंत टोचत राहतो. मूळ पाहिल्याशिवाय हा बदल किती धाडसी आहे, ते कळत नाही.

नटांच्या निवडीतही हीच उलथापालथ आहे. पेक, मिचम आणि मार्टिन बाल्सम हे मूळ चित्रपटातले तिघेही रिमेकमध्ये छोट्या भूमिकांत दिसतात. एके काळचा केडी, मिचम, आता पोलीस अधिकारी आहे, आणि एके काळचा सज्जन बोडन, पेक, आता केडीची बाजू मांडणारा वकील. पेक केडीसाठी न्यायालयात उभे राहतात तो क्षण मूळ पाहिलेल्याला जसा लागतो, तसा इतरांना लागणे शक्य नाही.

एका बाबतीत मात्र माझे मत कृष्णधवल यांच्यापेक्षा वेगळे आहे. नदीवरच्या हाउसबोटीचा शेवटचा भाग मला अति वाटतो. रुंद चौकटही त्याला तारू शकत नाही. पाऊस, आग आणि आरडाओरडा यांच्या भाराखाली डी नीरो यांचा अभिनय दबतो. मूळ चित्रपटातला शेवटचा सामना शांत आहे, आणि मला तो अधिक भीतिदायक वाटतो.

सांजदिवा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल हेडफोन लावून नाट्यगृहाचा प्रसंग पुन्हा पाहिला. कॅसेटवर पाहिल्याचे मला केवळ चेहरे आठवत होते; मागचे ते खोटे घर आणि दोघांमधली मोकळी जागा मी या वेळी प्रथमच पाहिली. मूळ चित्रपट येत्या रविवारी पाहणार आहे.

एक शंका उरली. धावपळीच्या प्रसंगांत चित्र मला विलक्षण गुळगुळीत वाटते, एखाद्या दूरचित्रवाणी मालिकेसारखे. हेही मूळचेच आहे का?

कृष्णधवल

नाही, हे आपल्या संचाचे काम आहे. दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये नव्या फ्रेम तयार करून घालण्याची सोय बहुतेक आधुनिक संचांत आधीपासूनच चालू असते. चित्राच्या मांडणीत जाऊन हालचाल गुळगुळीत करणारा पर्याय पूर्ण बंद करा. तिथेच कण कमी करणारा आणि कृत्रिम रेखीवपणा वाढवणारा असे दोन पर्याय असतील, तेही शून्यावर आणा. 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' नावाची मांडणी असेल, तर हे बरेचसे एकदम साधते. मूळ चित्रपट पाहतानाही हीच मांडणी ठेवा. सॅम लेव्हिट यांच्या कृष्णधवल छायालेखनात काळ्या आणि पांढऱ्याच्या मधल्या करड्या छटा पुष्कळ आहेत, आणि 'डायनॅमिक' मांडणी त्याच आधी गिळते.

तिसरी घंटा यांच्या आक्षेपाविषयी : शेवट अति आहे, हे मान्य. परंतु त्यातला पाण्याच्या टाकीतला आणि लहान प्रतिकृतींचा भाग एकदा केवळ कारागिरी म्हणून पाहा. कलादिग्दर्शक हेन्री बमस्टेड यांनी १९५८ च्या 'व्हर्टिगो'चेही काम केले होते. २००१ च्या दोन डिस्कच्या डीव्हीडीवर आलेल्या निर्मितीच्या माहितीपटात हे काम कसे उभे राहिले, ते दिसते. तो पाहिल्यावर ती बोट मला आता पूर्वीइतकी खटकत नाही.

तिसरी घंटा

माहितीपट मी पाहिलेला आहे आणि त्या कारागिरीविषयी मला पूर्ण आदर आहे. तरीही बोट मला खटकतेच. सांजदिवा, रविवारी मूळ चित्रपट पाहून झाला की दोन्ही शेवटांविषयी आपले मत इथे जरूर लिहा.