१९७९ ची २८० एसएल लीन चालतेय: हवा घेतेय की पेट्रोल कमी पडतंय?

केळीवाला रावेर
राम राम मंडळी. माझ्याकडे १९७९ ची मर्सिडीज २८० एसएल आहे. आर १०७ मॉडेल, एम ११० इंजिन, सहा सिलिंडर, बॉशची के-जेट्रॉनिक ही यांत्रिक पेट्रोल इंजेक्शन सिस्टिम. गाडी काकांची. ते गेल्यावर बरीच वर्षं आमच्या गोदामात उभी होती. मला ती पुन्हा रस्त्यावर हवी आहे. टाकी उतरवून साफ करून घेतली. पंप, फिल्टर, प्लग नवे टाकले.

सकाळी थंड इंजिन पटकन सुरू होतं, छान चालतं. गरम झालं की आयडलला आरपीएम खाली-वर होतो, इनटेकमधून मधूनच फट्कन आवाज येतो. भुसावळच्या रस्त्याला मोकळी सोडली की काही तक्रार नाही. पण फैजपूरच्या बाजारात ट्रॅक्टरमागे हळू चालावं लागलं की झटके मारते. प्लग काढले तर पांढरे, म्हणजे मिश्रण लीन, पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. पीयूसीत सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.२ टक्के आला, एचसी (हायड्रोकार्बन) मात्र बराच वर. केंद्रावरचा मुलगा म्हणाला, गाडी पास आहे, काळजी नको.

गॅरेजवाले म्हणतात सीओचा, म्हणजे मिश्रणाचा स्क्रू फिरवून रिच करू, पेट्रोल वाढवू. मन धजत नाही. काय करू?

धुळेकर
भाऊ, गाडी भारी शे! हल्लीच्या पेट्रोलचा विचार केलात का? साध्या पेट्रोलला एका किलोमागे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. २० टक्के इथेनॉल मिसळलं की हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. नवीन गाडीत ऑक्सिजन सेन्सर ते सांभाळून घेतो. तुमच्या गाडीत सेन्सर नसेल तर इंजिन आपोआप ७-८ टक्के लीन. माझं मत स्क्रूच्या बाजूने.

पंपवाले दादा, जळगाव
धुळेकरांचं गणित बरोबर आहे, पण स्क्रूला आत्ता हात लावू नका. मी आयुष्यभर डिझेल पंप आणि नोझल कॅलिब्रेट केले, के-जेट्रॉनिकवरही बरंच काम केलं. ही सिस्टिम फार प्रामाणिक आहे. आत येणारी हवा तिच्या वाटेतली चकती उचलते, चकती प्लंजर (पेट्रोल मोजून सोडणारा दट्ट्या) उचलते, तेवढं पेट्रोल सुटतं. चकतीला वळसा घालून हवा आत शिरली तर तिच्या वाट्याचं पेट्रोल सुटतच नाही.

तुमच्या पीयूसीच्या कागदावर रोग लिहिलेला आहे. सीओ कमी आणि एचसी जास्त म्हणजे मिश्रण इतकं पातळ की काही वेळा पेटतच नाही, न जळलेलं पेट्रोल बाहेर जातं. इथेनॉलचा परिणाम आयडलपासून टॉप स्पीडपर्यंत सारखा दिसला असता. तुमची गाडी हळू चालताना त्रास देते, वेगात नाही. आयडलला इंजिन मुळात थोडी हवा ओढतं, त्यात चोरटी हवा मोठा वाटा खाते. थ्रॉटल उघडल्यावर तीच नगण्य होते. पंप किंवा फिल्टरचा दोष असता तर उलट झालं असतं, चढावर आणि वेगात दम तुटला असता. थंड असताना वॉर्म-अप रेग्युलेटर मिश्रण रिच ठेवतो, म्हणून सकाळी दोष झाकला जातो.

आता स्क्रू फिरवलात तर आयडल सुधारेल, आणि वेगात गाडी काळा धूर टाकेल. हवेची चोरी तशीच राहील.

आयडलला ऑइल भरायचं झाकण उघडा. तिथून जादा हवा इनटेकमध्ये शिरते, म्हणून इंजिन लडखडायला हवं. फरक पडला नाही तर हवा आधीच कुठून तरी जातेय. मग स्मोक मशीनने इनटेकमध्ये धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते बघा. गरम इंजिनावर कार्ब क्लीनर मारत बसू नका, आग लागते. चकती आणि थ्रॉटलमधला रबरी बूट खालच्या बाजूने तडकतो, वरून दिसत नाही. इंजेक्टरच्या बुडाची रबरी सीलंही बघा, ती दगडासारखी होतात.

प्रेशरही मोजून घ्या, पण डिझेल नोझल टेस्टरचं गेज चालणार नाही, ० ते १० बारचं हवं. कंट्रोल प्रेशर प्लंजरला वरून दाबतं, ते जास्त तर गाडी लीन.

केळीवाला रावेर
दादा, झाकण उघडलं, आरपीएम ढिम्म हलला नाही! प्रेशर ठीक निघालं: सिस्टिम ५.१ बार, गरम झाल्यावर कंट्रोल ३.६. रिटर्न लाइनमधून एक लिटर पेट्रोल ४० सेकंदांच्या आत येतं. धूर सोडला तर बुटाच्या खालच्या घडीतून निघाला, आणि तीन इंजेक्टरांच्या बुडातूनही. बूट आणि सहाही सीलं बदलली. आता झाकण उघडलं की इंजिन बंद पडायला येतं. फट्फट गेली. सीओ ०.६ झाला. काकांनी ऐकला असेल तो आवाज आज मी ऐकला.

पंपवाले दादा, जळगाव
वा! आता उरलेलं लीनपण धुळेकरांच्या इथेनॉलचं. आता स्क्रूला हात लावा. इंजिन पूर्ण गरम, सीओ मोजणाऱ्या यंत्राची नळी सायलेन्सरमध्ये, ३ मिलिमीटरची अॅलन की. घड्याळाच्या दिशेने केसभर, की काढा, थोडी रेस द्या, मग आकडा वाचा. की आत असताना रेस देऊ नका. सीओ एक टक्क्याच्या वर आणा. मग चाळीसगावहून कन्नड घाट चढून वरच प्लग बघा, फिकट तपकिरी हवेत.

जुन्या रबरी पेट्रोल नळ्याही इथेनॉलला चालणाऱ्या टाका. आणि पावसाळ्यात उभी ठेवणार असाल तर टाकी भरून ठेवा. रिकाम्या टाकीतल्या हवेतली ओल इथेनॉल ओढून घेतं, आणि साफ केलेली टाकी पुन्हा गंजते.