दहा बाय अकराची बेडरूम, गडद निळा-जांभळा रंग: एक भिंत की चारही?

गोकर्णी:
नाशिकला नवा फ्लॅट घेतलाय, रंगकाम दिवाळीआधी उरकायचंय. बेडरूमला खिडकी एकच, तीही उत्तरेला. तिथे मला गोकर्णीच्या फुलासारखा गडद निळा-जांभळा हवाय, आणि चारही भिंतींना. पेंटरपासून सासूबाईंपर्यंत सगळ्यांचं एकच पालुपद: "एक भिंत कर, बाकी ऑफ-व्हाइट ठेव. खोली लहान दिसेल."

मला हे मुळीच पटत नाही. एकच भिंत गडद केली की पांढऱ्याशी तिचा सांधा येतो तिथे नजर अडते आणि खोली कुठे संपते ते लगेच कळतं. चारही भिंती गडद असल्या की कोपरे उठून दिसत नाहीत. शिवाय बेडरूम वापरायची ती रात्री. उजेड कमी झाला की लाल-केशरी आधी काळवंडतात, निळे उशिरापर्यंत दिसत राहतात. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने हे एकोणिसाव्या शतकातच नोंदवलंय. मग हा रंग झोपायच्या खोलीत नाही द्यायचा तर कुठे द्यायचा?

तिसरा_हात:
मी रंगकामाची कंत्राटं घेतो. खोली लहान दिसेल की मोठी, यावर वाद घालत नाही, पण भिंतीचं ऐका. गडद शेड ज्या बेसमध्ये बनते त्यात पांढरं पिगमेंट जवळपास नसतंच, त्यामुळे रंग झाकत नाही. दोन हातांत काम होत नाही, तीन लागतात, आणि खाली राखाडी प्रायमर नसेल तर चौथाही. खरी अडचण त्यानंतरची. कपाट सरकवताना ओरखडा गेला तर आतली पुट्टी पांढरी चमकते, आणि त्याच डब्यातला रंग लावला तरी ठिगळ दिसतंच. अख्खी भिंत पुन्हा मारावी लागते.

आणि नवी इमारत म्हणताय. प्लास्टर नीट वाळलेलं नसेल तर पहिल्याच पावसाळ्यात लोणा, म्हणजे भिंतीतला पांढरा क्षार, फुटेल. ऑफ-व्हाइटवर तो चटकन कळत नाही, या रंगावर पांढरे नकाशे उमटतील. एक पावसाळा जाऊ द्या, मग करा.

गोकर्णी:
लोण्याचं मान्य, भिंतीची ओल मोजून घेईन. पण ओरखड्यांच्या भीतीने आयुष्यभर ऑफ-व्हाइटमध्ये राहायचं, हे मला जमणार नाही.

उजेडवाला:
माझा विरोध दिव्यांमुळे. पांढरी भिंत पडलेल्या उजेडापैकी साधारण 80 टक्के परत देते, असा गडद रंग जेमतेम 5 ते 10. त्यात उत्तरेचा उजेड आधीच थंड. रात्री तुम्ही 2700 केल्विनचे पिवळे एलईडी लावणार, त्यांत निळा भाग फारच थोडा. प्रकाशातच निळं नसेल तर भिंत परत काय देणार? शेडकार्डवरची गोकर्णी घरी कोळशासारखी दिसेल. 4000 केल्विन लावलेत तर रंग खुलेल, पण झोपायच्या खोलीत तसला पांढरा उजेड मला तरी नको वाटतो.

माजघर:
"आपल्याकडे असले रंग आत देत नाहीत" असं कुणी म्हणायच्या आत लिहिते. कोकणात चुन्यात नीळ कालवून घरं आतून रंगवायचे. आमच्या माजघरात खिडकी नव्हती तरी भिंती निळ्या होत्या. फिकट होत्या, हे खरं. पण अजिंठ्याच्या लेण्यांत, जिथे आतवर ऊन फारसं पोचत नाही, तिथे चित्रकारांनी लाजवर्द या दगडाचा गडद निळा वापरला. तो दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून यायचा, म्हणजे महागच असणार. तरी अंधाऱ्या जागेसाठी त्यांनी तोच निवडला. गोकर्णी, चारही भिंती कर.

निवांत_दुपार:
माजघर, लेण्यात कुणी रात्री उठून बाथरूमला जात नव्हतं. आमच्याकडे आईची खोली अशीच गडद केली, वर वॉलनट कपाट. तिला मोतीबिंदू. भिंत कुठे संपते आणि कपाटाचा कोपरा कुठे सुरू होतो ते तिला दिसेना, दोनदा खांदा आपटला. शेवटी कपाटाच्या कडेला पांढरी पट्टी लावली. घरात वयस्कर माणूस असेल तर माझं मत ठाम "नको".

गोकर्णी:
हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला. सासूबाई वर्षातले काही महिने आमच्याकडे असतात, पण त्यांची खोली वेगळी आहे. ती फिकटच राहील. माझ्या खोलीत कपाट पांढरं घेतेय. उजेडवाला, वर दिवा ठेवतच नाही. पलंगाच्या दोन्ही बाजूंना 3000 केल्विनचे भिंतीवर पडणारे दिवे, सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) 90च्या वरचे. आधी एक लिटर रंग आणून खिडकीसमोरच्या आणि खिडकीशेजारच्या भिंतीवर तीन-तीन फुटांचे चौकोन मारणार आणि रात्री त्याच दिव्यांत बघणार.

तिसरा_हात:
चौकोनालाही प्रायमर आणि तीन हात द्या, नाहीतर फसाल. मॅट घ्या, चकाकी असेल तर भिंतीचे उंचवटे दिसतील. आणि छत?

गोकर्णी:
छतही तोच.

तिसरा_हात:
छत नका करू. कुठून पाणी झिरपलं तर पहिला डाग तिथेच पडेल.

माजघर:
वरचा मजला कुणाचा आहे ते आधी सांग. गच्ची असेल तर त्यांचं ऐक, फ्लॅट असेल तर छतही कर.