माळ्यावर स्प्रिंगा सापडल्या (घरच्या घरी लिफ्ट, म्हणजे गाडीची उंची वाढवणं: अनुभव धागा)

गंजतेल: माळा आवरताना पोत्यात गुंडाळलेल्या चार स्प्रिंगा निघाल्या. माझ्या जिम्नी गाडीच्या, मूळच्या. बायको म्हणाली भंगारात दे, आणि मला ते दोन दिवस आठवले. या काढून उंच स्प्रिंगा घातल्या, २ इंची लिफ्ट. मला वाटलं होतं दुपारपर्यंत उरकेल. मागच्या शॉकअपच्या खालच्या एका बोल्टनेच दुपार खाल्ली. रात्रभर तेलात मुरवला, सकाळी पान्याला पाइप लावून दोघं लोंबकळलो तेव्हा किंचाळत सुटला.

खरी गंमत पुढे. गाडी खाली उतरवली तर मागचं एक चाक बॉडीबाहेर डोकावतंय, दुसरं आत. पॅनहार्ड रॉड (अ‍ॅक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून लावलेला आडवा दांडा) एका टोकाला चासीत अडकलेला, त्यामुळे गाडी वर गेली की तो अ‍ॅक्सलला बाजूला ओढतो. हे सगळं नंतर कळलं! आधी मी फूटपट्टी घेऊन तासभर स्वतःलाच शिव्या घातल्या. तुमचंही सांगा.

चिखल्या: स्टिअरिंगचं काय झालं ते नाही सांगितलंस. माझं वळणावरून आपणहून परतच येईना. गाडी उचलली की पुढचा अ‍ॅक्सल थोडा फिरतो आणि कॅस्टर (स्टिअरिंग आपोआप सरळ आणणारा चाकाचा मागे झुकलेला कोन) कमी होतो. ऑफसेट बुश (भोक मध्यापासून सरकवलेले रबरी बुश, त्यांनी तो कोन परत मिळतो) घातले तेव्हा जिवात जीव आला. जुने बुश काढायला मी रबर जाळलं. करू नका. अंगणात आठवडाभर वास होता, शेजारी अजून तिरके बघतात.

पाटेवाला: कॉइल स्प्रिंगवाल्यांचे लाड. आमच्या जिप्सीला कमानपाटे. मी हुशारी करून २ इंच लांब शॅकल (पाट्याचं एक टोक चासीला जोडणाऱ्या पट्ट्या) टाकले, गाडी उचलली जेमतेम १ इंच. शॅकलचं निम्मंच पदरात पडतं हो. मग पाटेच बदलले. पाटे अ‍ॅक्सलला आवळणारे यू-बोल्ट मात्र नवेच घ्या, जुने ताणलेले असतात.

दोनदा_आवळा: घाईत लिहितोय, दूध गॅसवर आहे. बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना फायनल आवळू नका!! चाकांवर उतरवा, दोन-चारदा हलवा, मग आवळा. मी हवेतच आवळले. रबर कायमचं पिळलेलं राहिलं आणि काही महिन्यांत फाटलं. सगळं परत उघडलं

गंजतेल: @दोनदा_आवळा नावाचा उगम कळला 😂 दूध बघा.

दोनदा_आवळा: गेलं उतू.

माऊची_आई: नवरा गाडीखाली, त्याच्या पोटावर आमची मांजर झोपलेली. "हलू नको, ती उठेल" म्हणून मीच पाने देत होते. लिफ्टबद्दल मला एवढंच माहीत की आता चढायला मला स्टूल लागतं.

पाटेवाला: फोटो टाका ना. मांजरीचा.

भित्रा_भागुबाई: हसण्यावारी नेऊ नका म्हणून लिहितो. माझा जॅक मऊ जमिनीत कलला. स्टँड होते म्हणून आज टाइप करतोय. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली मान घालायची नाही, एक मिनिटासाठीपण नाही. आणि अ‍ॅक्सल खाली सोडताना ब्रेकचा होजपाइप बघा. माझा तारेसारखा ताणला होता, सगळं वजन त्याच्यावर. शेवटी लांब होज घातले.

चिखल्या: +१. एबीएसची वायरपण.

साधा_स्टॉक: मी लिफ्ट काढून टाकली. शिव्या घाला. पण अ‍ॅक्सलमधला डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा) गोळा लिफ्टने वर जातच नाही, तो मोठ्या टायरनेच जातो. दगड आधी त्यालाच लागतो. उंचीने गाडी वळणावर झुकायला लागली ते वेगळंच.

गंजतेल: खरंय, पण मोठा टायर कमानीत घासू नये म्हणून लिफ्ट लागतेच ना. शिवाय बंपर आणि पोट तरी वर जातं.

साधा_स्टॉक: मग स्पीडोमीटर कमी दाखवतो. जाऊ दे, हा वाद चहावर.

नवखी_चालक: एक राहिलं. हेडलाइट खाली करून घ्या. पहिल्या रात्री समोरचा प्रत्येक जण मला डिपर मारत होता, मला वाटलं ओळखीचे आहेत. मी हात करत होते.

माऊची_आई: 🤣🤣

चिखल्या: कोणाचा १७ चा सॉकेट हरवला नाही असं होतं का? माझा अजून गायब.

पाटेवाला: चासीच्या पोकळीत बघ. खडखडतंय का?

चिखल्या: ...वर्षभर मी शॉकअप गेला समजत होतो.