मदत हवी आहे: स्मार्ट पॅनेलवर दाखवूनही मुलं म्हणतात, 'करंट संपतो'

नमस्कार. भांडुपला अनुदानित मराठी शाळेत नववीला विज्ञान शिकवते. पट ५४, वर्गात एक स्मार्ट पॅनेल, नेट कधी असतं कधी नसतं.

'धाराविद्युत' शिकवताना कोलोरॅडो विद्यापीठाचं फेट (PhET) सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावरचा आभासी प्रयोग, लावलं. एकसर (एकामागे एक) जोडणीत दोन सारखे बल्ब, दोन्ही सारखेच उजळले. "कळलं?" "हो बाई!" घटक चाचणीत तेच विचारलं, तर निम्म्याहून जास्त मुलांनी लिहिलं की सेलजवळचा बल्ब जास्त उजळेल. का? "पहिला बल्ब करंट वापरतो, पुढच्याला कमी उरतो."

मला हे फार लागलं. पण मुलांचं तरी काय चुकलं? बरीचशी डोंगरावरच्या वस्तीतली आहेत. खालच्या घरांनी पाणी भरलं की वरच्या नळाला करंगळीएवढी धार, हे ती रोज बघतात. आणि विभवांतर (व्होल्टेज) समजावताना मीच पाण्याचं उदाहरण दिलं होतं!

मुलं पॅनेल सिनेमासारखं बघतात. आधी प्रत्येकाने स्वतःचं उत्तर ठरवावं, यासाठी काय करू? वर्गात मोबाइल चालत नाहीत.

प्रतिसाद १
ताई, बटण दाबण्याआधी मत घ्या. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर १९९० च्या दशकापासून असंच शिकवतात: आधी एकट्याने उत्तर, मग शेजाऱ्याशी वाद, मग पुन्हा उत्तर. त्यासाठी प्लिकर्स या ॲपची कागदी कार्डं छापा. मूल कार्ड ज्या बाजूने धरेल ते त्याचं उत्तर, आणि तुमचा एकच फोन सगळ्या वर्गाची कार्डं वाचतो. साध्या संचात ४० कार्डं असतात, तुम्हाला ६३ चा लागेल. मत झालं की सिम्युलेशनमध्ये पहिल्या बल्बच्या आधी, दोघांच्या मध्ये आणि शेवटी ॲमीटर (करंट मोजायचं यंत्र) लावा. तिन्ही आकडे सारखे येतात, ते मुलांनाच वाचू द्या. सिम्युलेशन आधी डाउनलोड करून ठेवलं तर नेट लागत नाही.

प्रतिसाद २
खरे बल्बही हातात द्या. लॅमिंग्टन रोडला टॉर्चचे बल्ब आणि होल्डर मिळतात. फक्त एक सांभाळा: एकाच जातीचे दोन बल्बही कधी कधी थोडे कमीजास्त उजळतात आणि मुलं लगेच म्हणतात, "बघा बाई!" तेव्हा बल्बांची अदलाबदल करा. जास्त उजळणारा बल्ब दुसऱ्या जागी नेला तरी तोच जास्त उजळतो, म्हणजे फरक जागेचा नाही.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. अदलाबदल मला सुचलीच नसती. पण मग पाण्याचं उदाहरण सोडूनच देऊ का?

प्रतिसाद २
विभवांतरापुरतं ठेवा. धारेसाठी, म्हणजे करंटसाठी, सायकलची चेन दाखवा. पेडल मारलं की सगळ्या कड्या एकदम सरकतात, एकही कडी वाटेत संपत नाही, तरी मागच्या चाकाला ऊर्जा मिळते.

धागाकर्ती
शिपाईकाकांची सायकल आवारातच असते. गुरुवारी तास आहे, तीच वर्गात आणते. मुलांची मतं आधी आणि नंतर किती बदलली, ते इथे लिहीन.