मदत हवी आहे: बॉल पायथनचे डोळे निळसर झालेत, कात टाकणार की आजारी आहे?

मृण्मयी_मिशिगन

जाणकारांनो, जरा काळजीत आहे म्हणून लगेच लिहितेय. मुलगी कॉलेजला गेल्यापासून तिचा पाळीव साप, बॉल पायथन (अजगराची एक लहान, बिनविषारी जात), माझ्याकडे असतो. चार वर्षांचा नर, नाव चिकू. एरवी इतका शांत की हातात घेतला की मनगटाला विळखा घालून निवांत पडून राहतो.

गेल्या आठवड्यापासून मात्र त्याचं काहीतरी बिनसलंय. अंगावरची चमक गेली, काळी-तपकिरी नक्षी मळकट दिसायला लागली. पोटाची बाजू पांढरी असते, ती गुलाबी झालीय. रविवारी नेहमीसारखा फ्रोझन उंदीर कोमट करून दिला, तर त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. दिवसरात्र लपायच्या खोक्यात बसून असतो. आणि आज सकाळी बघते तर दोन्ही डोळे दुधी-निळे! बाहुली दिसतच नाही.

यापूर्वी कात टाकायच्या वेळी सगळं मुलगीच बघायची, मला नंतर फक्त कात दाखवायची. आता तिची परीक्षा चालू आहे, उगाच घाबरवायचं नाहीये. ही कात टाकायचीच लक्षणं ना? की डोळ्यांना काही झालंय? डॉक्टरकडे नेऊ का? पेटीत उबदार बाजूला ९० फॅरनहाइट, थंड बाजूला ७८ आहे. आर्द्रता ३५ टक्के दाखवतेय.

सह्यवेली

तुम्ही लिहिलंय ते सगळं कात टाकायच्या तयारीचंच आहे, आणि क्रमही बरोबर आहे. आधी रंग मंदावतो, पोट गुलाबी होतं, मग डोळे निळे होतात. जुन्या कातडीखाली नवी तयार झाली की दोघींच्या मध्ये एक द्रव साठतो, त्याने जुनी कातडी सुटी व्हायला लागते. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि कातीबरोबर तोही निघतो. म्हणून त्याच्याखाली द्रव आला की डोळा दुधी दिसतो.

दोन्ही डोळे एकदम धुरकट झालेत, ही चांगली खूण. एकच डोळा तसा असता तर मी नक्की डॉक्टरांना दाखवा म्हटलं असतं. नाकातोंडातून बुडबुडे, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज, तोंड उघडं ठेवून बसणं, यातलं काही दिसलं तर मात्र वाट बघू नका. सरपटणाऱ्या प्राण्यांचे डॉक्टर गाठा, ती फुफ्फुसाची लक्षणं आहेत.

मला खटकली ती तुमची आर्द्रता. बॉल पायथनला एरवीच ५५-६० टक्के लागते, कात टाकताना ७० च्या आसपास. तुमच्याकडे आत्ता हिवाळा, घरात हीटिंग, हवा कोरडी पडणारच. ३५ वर कात तुकड्या-तुकड्यांनी निघते. पेटीचं जाळीचं झाकण बरंचसं झाका, फक्त दिव्याच्या जवळ काहीही ठेवू नका. पाण्याचं भांडं मोठं ठेवा. एका झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्याला तो सहज आत जाईल एवढं भोक पाडा, कडा घासून गुळगुळीत करा, आत ओलं करून घट्ट पिळलेलं स्फॅग्नम मॉस (ओल धरून ठेवणारं शेवाळ) भरा आणि डबा उबदार बाजूला ठेवा. तो आपणहून त्यात जाऊन बसेल. खालची सगळी माती मात्र चिंब करू नका, सतत ओल्यावर बसून पोटाच्या खवल्यांना जखमा होतात.

आणि आर्द्रता कशावर मोजताय? काट्याची गोल तबकडी असेल तर तिच्यावर विसंबू नका, डिजिटल घ्या.

केदार_ब्रिस्बेन

सह्यवेलींशी सहमत. माझ्याकडे कार्पेट पायथन आहे (इथे परदेशी साप ठेवायला बंदी, देशी साप परवान्यावर पाळता येतात). लक्षणं तीच, फक्त पोटाचा गुलाबीपणा इतका ठळक दिसत नाही.

भर एवढीच की काही जण आत्ताच कोमट पाण्यात बसवा म्हणून सांगतील. नका बसवू. निळ्या डोळ्यांनी त्याला धड दिसत नाही, उचललं की तो बिचकतो. हातात घेणं पूर्ण बंद ठेवा, खायलाही देऊ नका. निरोगी मोठा बॉल पायथन काही आठवडे सहज उपाशी राहतो, हिवाळ्यात नर तर बरेचदा खातच नाहीत. मनाची खात्री हवी असेल तर कात पडल्यावर स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा.

रानवाटा_नाशिक

मी सर्पमित्र आहे. घरात शिरलेली धामण किंवा नाग या अवस्थेत सापडला की तो नेहमीपेक्षा चिडका असतो, जरा हालचाल झाली की फुत्कारतो किंवा तोंड मारतो. तुमचा चिकू पाळीव असला तरी आत्ता त्याचा शांतपणा गृहीत धरू नका, पाणी बदलतानाही हात सावकाश न्या.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी: हा धागा परदेशातल्या पाळीव सापाबद्दल आहे. आपल्याकडचे साप पकडून घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. मांडूळही त्यातच आलं. कात टाकणारा साप अंगणात दिसला तर त्याला राहू द्या, घरात आला तर वनविभागाला कळवा.

मृण्मयी_मिशिगन

सगळ्यांचे मनापासून आभार! मॉसचा डबा केला, त्याच रात्री चिकू आत जाऊन बसला. डिजिटल मीटर आता ६८ दाखवतोय.

आज बघते तर डोळे एकदम स्वच्छ, काळेभोर! पण कात कुठेच नाही, सगळी पेटी शोधली. झालं का संपलं? उद्या उंदीर देऊ?

सह्यवेली

नाही, थांबा! इथेच बहुतेकांची गफलत होते. मधला द्रव शोषला गेला की डोळे परत स्वच्छ होतात, पण कात अजून अंगावरच असते. ती पडते त्यानंतर, साधारण चार-पाच दिवसांत, कधी आठवडाभरानेही. बरं झालं म्हणून लोक नेमके याच वेळी आर्द्रता कमी करतात आणि साप हाताळायला घेतात. मॉस ओलसर राहू द्या, आणि नाक घासायला एखादा खडबडीत दगड किंवा लाकडाचा ओंडका आत ठेवा. ओठाच्या कडेपासून सुरुवात होईल आणि सगळी कात मोज्यासारखी उलटी होत शेपटीपर्यंत निघेल.

ती मिळाली की लगेच फेकू नका, ओली असतानाच उलगडून उजेडात धरा. डोक्याच्या भागात दोन्ही डोळ्यांच्या गोल चकत्या असायला हव्यात आणि शेपटीचं टोक अखंड हवं. टोकाला जुनी कातडी अडकून राहिली तर ती आवळते, रक्त पोचत नाही आणि टोक गळून पडू शकतं. तिथे काही राहिलंच तर केदारनी आत्ता नको म्हटलेलं कोमट पाणी तेव्हा वापरा: थोडंसंच, पंधरा-वीस मिनिटं, तुम्ही शेजारी बसून, आणि मग ओल्या फडक्यातून त्याला स्वतःला सरकू द्या. डोळ्यावरची चकती राहिली असेल तर नखाने, चिमट्याने अजिबात काढू नका, खालच्या डोळ्याला इजा होते. पुढच्या कातीबरोबर ती बहुतेकदा निघून जाते. तेव्हाही राहिली तर डॉक्टरांकडे न्या.

उंदीर कात पडल्यावर एक-दोन दिवसांनी द्या.